मराठवाड्यात सोलरचं गरम पाणी : ऊन भरपूर आहे, आधी पाण्याचा हिशेब करा

सोलर बसवून महिना-दीड महिना झाला की नवख्या घरातून हमखास एक तक्रार येते. ऊन कडक पडलेलं, नळ्या चकचकीत, आणि न्हाणीत गरम पाण्याचा नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसते. मेकॅनिकला फोन जातो. तो गच्चीवर चढतो, सोलरला हातही न लावता गार पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून दाखवतो. टाकीचा तळ दिसत असतो.

आपल्याकडे उन्हाची वानवा नाही. वानवा आहे ती पाण्याची, आणि जे मिळतं त्यात क्षार फार. पुण्या-बंगळुरूकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते याच कारणाने. परभणीत आमच्या घरावर गेली चौदा वर्षं सोलर आहे. नात्यात आणि गल्लीत दहा-बारा घरांना ते बसवलं जात असताना मी गच्चीवर उभा राहिलो आहे. नवीन घेणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय करावं, ते त्या अनुभवातून सांगतो.

आधी यंत्र कसं चालतं ते समजून घ्या

गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी जड म्हणून खाली उतरतं. नळ्यांत तापलेलं पाणी आपोआप सोलरच्याच वरच्या टाकीत जातं आणि टाकीतलं गार पाणी नळ्यांत येतं. या फिरतीला पंप लागत नाही, वीजही लागत नाही. टाकीत गरम पाणी वरच्या थरात साठतं, म्हणून घरात जाणारा पाइप टाकीच्या वरच्या बाजूला जोडलेला असतो. गार पाणी तळाशी शिरून वरच्या गरम पाण्याला ढकलतं, तेव्हाच नळाला धार लागते. गच्चीवरची गार पाण्याची टाकी रिकामी असेल, तर सोलरमध्ये दोनशे लिटर कढत पाणी असूनही थेंब मिळत नाही. एवढं एक घरातल्या सगळ्यांना कळलं की निम्म्या तक्रारी संपतात.

घेण्याआधी पाण्याची तपासणी

दुकानात जाण्याआधी घरचं पाणी किती जड आहे ते पाहा. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच असतं. साबणाला फेस येत नाही, चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, बादलीच्या कडेला रेघ उमटते, म्हणजे पाणी जड आहे. आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत चौकशी करा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी या दोहोंच्या मध्ये किंवा त्यापलीकडे असेल, तर पुढचा निर्णय त्यावरच करायचा.

बाजारात मुख्य प्रकार दोन. एकात काचेखाली तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पत्रा असतो. दुसऱ्यात जाड काचेच्या दुहेरी नळ्या असतात आणि दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते. पत्र्याचा प्रकार मजबूत, टिकाऊ, गारपिटीलाही बऱ्यापैकी तोंड देणारा. पण त्याच्या बारीक नळ्या जड पाण्याने चोंदतात. पाणी तापलं की विरघळलेला क्षार खाली बसतो, आणि पाणी जितकं जास्त तापेल तितका तो लवकर बसतो. धरणाचं पाणी बारमाही मिळत असेल तर पत्र्याचा प्रकार अवश्य घ्या. बोअर आणि टँकरवर घर चालत असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या. क्षार त्यातही बसतो, पण नळी रुंद असते आणि काढून धुता येते. टाकी कशाची आहे हेही विचारा. जड आणि खारट पाण्यासाठी आतून काचेचा लेप दिलेली टाकी आणि तिच्यात मॅग्नेशियमचा दांडा, हे मला साध्या स्टीलच्या टाकीपेक्षा भरवशाचं वाटतं. तो दांडा स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. घरावर सौर वीज बसवायची प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली आणि तेव्हापासून लोक पाणी तापवण्याच्या सोलरलाही त्यातलं अनुदान मागतात. ती योजना विजेच्या पॅनेलसाठी आहे, पाण्याच्या सोलरसाठी नाही. अनुदान मिळवून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

किती लिटरचं घ्यावं

विक्रेता माणसं मोजतो. तुम्ही बादल्या मोजा, आणि विसण विसरू नका. सोलरचं पाणी ६० अंशांचं असेल आणि गार पाणी २० अंशांचं, तर दोन्ही सारखं मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं पाणी होतं. म्हणजे १०० लिटरच्या सोलरमधून २०० लिटर अंघोळीचं पाणी निघतं. वीस लिटरच्या दहा बादल्या. बादलीने अंघोळ करणाऱ्या पाच माणसांना दीड-दीड बादली दिली तरी साडेसात बादल्याच लागतात. अशा घराला ३०० लिटरचं सोलर गळ्यात मारलेलं मी पाहिलं आहे. शॉवर वापरणारं घर, सणावाराला भरणारं घर, दहा माणसांचं एकत्र कुटुंब असेल तर मोठं घ्या. एरवी चार-पाच जणांना १०० ते १५० लिटर पुरतं.

नळ्याही मोजा. पाच फूट अकरा इंच लांबीच्या, म्हणजे १८०० मिलिमीटरच्या, ५८ मिलिमीटर जाड नळ्या असतील तर १०० लिटरला साधारण १० हव्यात. टाकी २०० लिटरची आणि नळ्या १५ असा स्वस्तातला सौदा हिवाळ्यात महागात पडतो.

जागा आणि वजन

तोंड दक्षिणेला, आणि सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत सावली नको. ही सावली मे महिन्यात तपासू नका. मराठवाड्यात मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, त्यामुळे कोणतीही जागा मोकळीच वाटते. गरम पाण्याची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत असते. तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो आणि भर दुपारीही वस्तूच्या उंचीइतकी सावली पडते. चार फुटांचा कठडा असेल तर त्याच्यापासून उत्तरेला चार फूट सोडून मांडणी करायची. सकाळ-संध्याकाळची सावली याहून लांब जाते, म्हणून शेजारच्या मजल्याचा आणि कडुनिंबाचा अंदाज वेगळा घ्या. नळ्यांचा उतार आपल्या अक्षांशाला, म्हणजे १८ ते २० अंशांना, दहा-बारा अंश जादा धरून तीसच्या आसपास ठेवला की हिवाळ्यातलं तिरपं ऊन नीट मिळतं.

वजनाचं मात्र कळकळीने सांगतो. दोनशे लिटरच्या टाकीत दोनशे किलो पाणी, वीस नळ्यांत आणखी पन्नासेक लिटर, वर टाकी आणि सांगाडा. तीनशे किलोंच्या पुढे भार जातो, आणि तो चार-सहा पायांवर उभा असतो. स्लॅबला हे जमतं. माळवदावर ठेवायचं नाही. लाकडी तुळया आणि मातीचा थर आधीच आपलं ओझं पेलून असतात. जुन्या वाड्यांत आणि गावाकडच्या घरांत अंगणात किंवा न्हाणीलगत लोखंडी घडवंची उभी करून तिच्यावर सोलर ठेवावं, आणि गार पाण्याची टाकी त्याहून उंच. पत्र्याच्या घरालाही हीच रीत.

नळजोडणी : इथे स्वतः उभं राहा

सोलर चांगलं की वाईट हे कंपनीवर जितकं ठरतं, त्याहून जास्त प्लंबरवर ठरतं. त्या दिवशी कामावर सुट्टी टाका.

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर हवा. सोलरच्या टाकीवरून निघणारा हवेचा पाइप उघडाच ठेवायचा, आणि त्याचं तोंड गार टाकीच्या भरलेल्या पातळीच्या वर न्यायचं. तो आखूड राहिला तर टाकी भरली की त्यातून पाणी ठिबकत राहतं. मग कोणीतरी त्याला बूच मारतं. हे कधीच करू नका. वाफ आणि दाब बाहेर पडायची ती एकच वाट असते.

सोलरला गार पाणी देणारी लाइन टाकीतून स्वतंत्र काढा. बऱ्याच ठिकाणी न्हाणीकडे जाणाऱ्या गार लाइनलाच टी मारून सोलर जोडतात. टाकी रिकामी झाली आणि खाली कोणी गार नळ उघडला, की सोलरच्या टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन खाली येतं. म्हणून वेगळी लाइन, आणि तिच्यावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा एनआरव्ही. तो बसवला आहे की नाही हे रात्री कळतं. सोलरपासून पाच-सात फुटांवर गार पाइपला हात लावा. गरम लागला तर पाणी उलटं जातंय.

आता खास आपल्यासाठीची गोष्ट. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात गार टाकी अधूनमधून तळाला जाणारच. टाकीला दोन छिद्रं वेगवेगळ्या उंचीवर पाडून घ्या. घरातल्या गार पाण्याची लाइन तळापासून नऊ-दहा इंचांवर आणि सोलरची दोन इंचांवर. घरातलं गार पाणी आधी संपेल आणि तुम्हाला कळेल, पण सोलरला ढकलायला खालचं पाणी शिल्लक असेल. दोन इंच सोडायचे ते गाळ सोलरमध्ये जाऊ नये म्हणून. हा बदल करायला प्लंबरला अर्धा तास लागतो आणि खर्च जवळपास नाही. मी पाहिलेल्या घरांत सगळ्यांत जास्त उपयोग याचाच झाला.

गरम लाइनला साधा पीव्हीसी चालत नाही, तो तापून वाकतो. सीपीव्हीसी घ्या आणि जितका बारीक आणि जितका आखूड चालेल तितका ठेवा. कारण हे : पाऊण इंची पाइपमध्ये दर मीटरला तीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी असतं. गच्चीपासून न्हाणीपर्यंत वीस मीटर लाइन असेल तर सकाळी गरम पाणी येण्याआधी सहा लिटर गार पाणी वाहून जातं, आणि पुढच्या माणसाने तासाभराने नळ सोडला तर पुन्हा तेवढंच. अर्धा इंची पाइपमध्ये हेच अडीच-तीन लिटरांवर येतं. लाइनवर फोम चढवा, आणि उन्हात फोम वर्ष-दोन वर्षांत भुगा होतो म्हणून वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा.

प्रेशर पंप साध्या सोलरला जोडू नका. त्याची टाकी दाबासाठी बनलेली नसते. पंप हवाच असेल तर दाब सोसणारी टाकी आधीच मागून घ्या.

पहिल्यांदा पाणी भरणं

उजाडण्याआधी भरा, किंवा रात्री. उन्हात रिकाम्या पडलेल्या नळीच्या आतली काच दोनशे अंशांच्या पुढे तापू शकते. तिच्यात गार पाणी पडलं की ती फुटते, एक नव्हे, एकापाठोपाठ अनेक. बसवणारी माणसं दुपारी घाईत असतात आणि ‘लगेच भरून दाखवतो’ म्हणतात. त्यांना चहा द्या आणि संध्याकाळपर्यंत थांबवा. पुढे कधीही सोलर कोरडं पडलं तर हाच नियम. गार टाकीत पाणी आलं म्हणून दुपारी व्हॉल्व्ह उघडायचा नाही. नळ्यांवर पोती टाका आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भरा.

रोजची रीत

सोलर म्हणजे गिझर नव्हे. ते दिवसभराची कमाई साठवून ठेवतं आणि तुम्ही ती दुसऱ्या दिवशी खर्च करता. म्हणून घरातल्या अंघोळी लागोपाठ उरका. एकाने सहाला, दुसऱ्याने साडेसातला, तिसऱ्याने नऊला केली तर प्रत्येक वेळी पाइपमधलं पाणी गार होऊन वाया जातं. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरा आणि तेच विसणाला वापरा. आमच्याकडे गरम नळाखाली कायम एक बादली असते. पहिले पाच-सहा लिटर गार तिच्यात पडतात, मग वरून गरम. यात एक थेंबही मोरीत जात नाही. शिवाय आधी गार आणि मग गरम हा क्रम लहान मुलांच्या घरात फार मोलाचा आहे. आपल्या आज्या घंगाळात आधी बंबाचं कढत पाणी घेऊन मग विसण घालायच्या. सोलरच्या बाबतीत ते उलटं करा. उन्हाळ्यात हे पाणी ८० अंशांपर्यंतही जातं, आणि रांगतं मूल बादलीत हात घालायला क्षणही लावत नाही.

रात्री उशिरा गरम पाणी उपसलं तर त्याच्या जागी गार पाणी शिरतं आणि सकाळी टाकी कोमट मिळते. धुणं-भांड्याला गरम पाणी हवं असेल तर सकाळच्या अंघोळी संपल्यावर उरलेलं वापरा, म्हणजे पुढे दिवसभर ऊन मिळून टाकी पुन्हा तापते. वॉल मिक्सरचे गार आणि गरम दोन्ही कॉक अर्धवट उघडे राहणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. त्यातून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतं आणि सोलर बिघडल्यासारखं वाटतं. स्वयंपाकाला आणि प्यायला हे पाणी घेऊ नये.

ढगाळ दिवस

जुलै-ऑगस्टात चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही, आणि डिसेंबरात कधी ढग येतात. टाकीत विजेची कॉइल बसवून मिळते. ती आदल्या रात्री लावून ठेवू नका. पहाटे तासभर आधी लावा. दोन किलोवॅटची कॉइल तासाभरात १०० लिटर पाणी सुमारे १७ अंशांनी तापवते, २०० लिटर असेल तर जेमतेम आठ-नऊ अंशांनी. म्हणजे मोठ्या टाकीत एका माणसाच्या अंघोळीसाठी कॉइल लावणं तोट्याचं. त्यापेक्षा न्हाणीत छोटा गिझर परवडतो. गार टाकी रिकामी किंवा सोलर कोरडं असताना कॉइल लावली तर ती जळते. अर्थिंग तपासलेलं असावं, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर असावा. ओली न्हाणी आणि वीज यात तडजोड नको.

वीज किती वाचते ते सांगून ठेवतो : १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला गिझरला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते. गावाकडे हेच पाणी पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून तापतं, आणि त्या धुरात सकाळ काढणाऱ्या बाईला सोलरची खरी किंमत कळते.

उन्हाळा आणि परगावी जाणं

एप्रिल-मेमध्ये गार नळाचंच पाणी गरम येतं. तेव्हा निम्म्या नळ्यांवर बारदाना किंवा शेडनेट बांधून टाका. पाणी सतत उकळीला जात राहिलं की क्षारही जास्त बसतो. पंधरा दिवस लग्नकार्याला किंवा वारीला जायचं असेल तर सगळ्या नळ्या झाका, पण सोलर रिकामं करून जाऊ नका.

धुणं आणि गाळ काढणं

नळ्यांवरची धूळ महिन्यातून एकदा पुसा. सोयाबीन, तूर यांच्या मळणीच्या दिवसांत आठवड्याला. पहाटे, काच गार असताना, ओल्या फडक्याने. तापल्या काचेवर पाणी मारायचं नाही.

बोअरचं पाणी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी पहाटे गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकीच्या तळाचा कॉक उघडून गाळ सोडा. पाणी आधी गढूळ, मग पांढुरकं, मग स्वच्छ येतं. ते पिंपात धरून अंगण धुवायला वापरा. सूर्य वर यायच्या आत टाकी परत भरलेली असली पाहिजे. दोन वर्षांतून एकदा मेकॅनिककडून नळ्या काढून आतला थर धुऊन घ्या, आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा दांडा तपासून घ्या. पाणी फार जड असेल तर दांडा दरवर्षी पाहावा लागतो. नळाच्या जाळीवरची आणि शॉवरची खपली लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर भिजवली की घरच्या घरी निघते.

एखादी नळी निकामी झाली आहे का हे ओळखायची सोपी खूण आहे. चांगल्या नळीच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरट झाला की आतली निर्वात पोकळी गेली. तेवढी एकच नळी बदला.

नळी फुटली तर

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. वानरंही नळ्या फोडतात. एक नळी फुटली की सोलरची टाकी त्या भोकातून रिकामी होते, आणि तिच्या पाठोपाठ गार पाण्याची टाकीही. एका वादळी रात्री आमची एक हजार लिटरची टाकी अशी पहाटेपर्यंत वाहून गेली. नळाला पाणी यायला अजून सहा दिवस होते. सोलरकडे जाणारा व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरात फक्त मला माहीत होतं आणि मी गावाला गेलो होतो.

तेव्हापासून तो व्हॉल्व्ह गच्चीच्या दाराशी, हात पोचेल असा बसवला आहे. त्याला लाल कापड बांधलंय, आणि बंद करायची दिशा ऑइलपेंटने काढली आहे. आमची सातवीतली नातसुद्धा तो बंद करून दाखवते. शेजारच्या भिंतीवर नळीची लांबी, जाडी आणि मेकॅनिकचा नंबर लिहिला आहे, कारण फुटक्या नळीच्या मापाची नवी नळी दुकानात मागताना ते माप कोणाच्याच लक्षात नसतं. दोन जादा नळ्या माळ्यावर चिंध्यांत गुंडाळून ठेवल्या आहेत.